पोलिसांविरुद्ध तक्रार लिहून देणारं सिव्हिल लाइन्समधलं वकिलांचं ऑफिस: आमचा अनुभव

पोलिसांविरुद्ध तक्रार करायची तर नागपुरात नेमकं कोणाकडे जायचं, हे वेळ आल्यावर कोणी सांगत नाही. जो भेटतो तो "जाऊ द्या ताई, मिटवून टाका" एवढंच म्हणतो. जिल्हा न्यायालयाजवळच्या या ऑफिसात आमचं काम झालं आणि नीट झालं, म्हणून वेळ काढून लिहिते आहे. ज्यांच्या घरचं पोरगं ठाण्यात नेऊन बसवलं, मारलं आणि पैसे घेऊन सोडलं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. पाचपैकी चार स्टार देते. एक कशाचा कापला तेही पुढे आहे.

मानेवाडा रोडवर माझं पोळीभाजी केंद्र आहे. भाऊ ऑटो चालवतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वीस वर्षांचा, सीताबर्डीत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. त्याने दुरुस्त करून दिलेला एक फोन चोरीचा निघाला. संध्याकाळी डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे, दोघे साध्या कपड्यात दुकानात आले, "साहेबांनी बोलावलं, पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाले आणि त्याला गाडीवर मधात बसवून घेऊन गेले. फोन कोणी आणून दिला ते त्याने सांगितलं होतं, दुकानाच्या वहीत नोंदही होती. तरी रात्री मागच्या खोलीत नेऊन तळपायावर पट्ट्याने मारलं. सकाळी भावाकडून पाच हजार घेतले तेव्हा सोडलं, आणि पोराचा स्वतःचा फोन ठेवून घेतला. नोटीस नाही, अटक दाखवली नाही, फोनची पावती नाही. कागदावर पाहिलं तर पोरगं त्या रात्री ठाण्यात नव्हतंच. प्रकरण सुरू आहे म्हणून ठाण्याचं नाव लिहीत नाही.

भाऊ तर तक्रारीला तयारच नव्हता. रोज रस्त्यावर ऑटो चालवणारा माणूस, त्याला पोलिसांशी वैर परवडत नाही, हे मलाही कळतं. पण पोरगं पाय टेकवू शकत नव्हतं आणि घरात कोणाशी बोलत नव्हतं. माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका लॉच्या विद्यार्थिनीने या ऑफिसचा पत्ता दिला.

वर दोन माणसं बसतात. एक वकील काका, साठीच्या पुढचे, आणि त्यांच्या ज्युनिअर मॅडम, तिशीच्या असतील. आम्ही खुर्चीवर बसतो न बसतो तोच काकांनी सगळी कथा थांबवली आणि आधी दोनच गोष्टी विचारल्या. "डॉक्टरला दाखवलं का?" आणि "पैसे देऊन किती दिवस झाले?" बाकीचं नंतर. या दोन प्रश्नांसाठीच मी हे ऑफिस लोकांना सुचवते, कारण या दोन्ही गोष्टींची मुदत निघून जाते आणि घरचे लोक तोवर रडण्यात आणि भांडण्यात असतात.

डॉक्टरचं आधी सांगते. घरी हळद लावून झाली होती, पायाला बर्फ लावून झाला होता. काकांनी कागदाला हात लावण्याआधी आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवलं. सोबत सांगितलं की कॅज्युअल्टीत "पडलो" म्हणायचं नाही, जसं घडलं तसं सांगायचं: कोणी मारलं, कशाने मारलं, कुठे मारलं. मार कोणी दिला हे डॉक्टर पेशंटच्या तोंडून ऐकून लिहितात, त्याची एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद, होते आणि तिची खबर पोलिसांकडे जातेच. म्हणजे आमची तक्रार टाइप होण्याआधीच सरकारी रजिस्टरमध्ये एक नोंद तयार झाली, तारीख आणि वेळेसकट. ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांनी दोन्ही तळपायांवरचे वळ वेगवेगळे मोजून लिहिले. खाजगी डॉक्टरकडे नेलं असतं तर गोळ्या मिळाल्या असत्या, हा कागद बहुधा मिळाला नसता.

भाचा दवाखान्यात जायला नको म्हणत होता. "आता दुखत नाही" असं त्याचं चाललं होतं. तेव्हा काकांनी त्याला देसाईगंजचं सांगितलं. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, तिथल्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो देशभर ओळखला जातो. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. सोडताना एक कारण असं दिलं की मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. "अंगावर काही दिसलं नाही तर काही झालंच नाही, असं मोठ्या कोर्टालाही वाटू शकते बेटा. म्हणून दिसते आहे तोवर लिहून घेऊ," असं काका त्याला म्हणाले. आमचं प्रकरण त्या मुलीच्या दुःखापुढे काहीच नाही. पण विदर्भातल्या माणसाने ही गोष्ट विसरायची नाही असं मला तेव्हा वाटलं. मला ती त्या दिवसापर्यंत कोणी सांगितली नव्हती.

दवाखान्यातून परत आल्यावर मॅडमनी जे केलं ते मी विसरणार नाही. भाचा खाली मान घालून बसला होता, विचारलं की "हो", "नाही", "माहीत नाही" एवढंच. मॅडमनी त्याच्यापुढे एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "बोलू नको. मला ते ठाणं काढून दाखव. दार कुठे, टेबल कुठे, तुला कुठे बसवलं." पोरगं मोबाइलच्या बारीक सर्किटवर काम करतं, हाताला सवय आहे. त्याने दार काढलं. आत शिरल्यावर डाव्या हाताला ड्यूटीवरच्या हवालदाराचं टेबल, त्याच्यामागे भिंतीवर घड्याळ, बाजूला लाकडी बाक, बाकाच्या वर कॅमेरा. मग व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला दुसरा कॅमेरा. मग मागची खोली, आत लोखंडी कपाटं आणि जप्तीच्या गाड्यांच्या नंबरप्लेटांचा ढीग. मॅडमनी विचारलं, "इथे कॅमेरा?" त्याने मान हलवली. या खोलीत नव्हता. आणि खोली काढता काढता तो आपसूक बोलायला लागला. कोणी धरलं, कोण दारात उभा होता, मारणाऱ्याच्या हातात तांब्याचं कडं होतं, दुसऱ्याला सगळे कोणत्या नावाने हाका मारत होते. पोरगं एवढं सलग बोललेलं घरच्यांनी त्या रात्रीपासून पहिल्यांदाच ऐकलं. वहिनी तिथेच रडायला लागली. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि लिहिणं थांबवलं नाही.

त्या नकाशाचा उपयोग लगेच झाला. मला वाटलं होतं, खोलीत कॅमेरा नाही म्हणजे पुरावा संपला. मॅडम म्हणाल्या, खोलीतलं नको, आपल्याला व्हरांड्यातलं पाहिजे. पोरगं धड पायाने आत गेलं आणि लंगडत बाहेर आलं, एवढं त्या दोन कॅमेऱ्यांत दिसलं तरी पुष्कळ आहे. आणि तो ठाण्यात होता हे तर दिसेलच, जे नोंदीत कुठेच नाही.

कॅमेऱ्याचा नियम त्यांनी आम्हाला छापील निकाल समोर ठेवून वाचून दाखवला. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आत जायच्या-यायच्या वाटांवर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, साहेबांच्या खोलीत, सगळीकडे आवाजासकट चित्रण करणारे, रात्री दिसणारे कॅमेरे पाहिजेत आणि चित्रण अठरा महिने टिकलं पाहिजे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराची. ठाण्यात कॅमेरे आहेत असा मोठा बोर्ड लोकांच्या भाषेत लावायचा, आणि तुमच्यावर अन्याय झाला तर ते चित्रण जपून ठेवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, हेही त्याच बोर्डावर लिहायचं. मी नंतर दोन-तीन ठाण्यांच्या दारात मुद्दाम थांबून बोर्ड शोधला. कॅमेऱ्याचा दिसला. हक्काची ओळ मला तरी दिसली नाही. बंद कॅमेऱ्यांचा त्रास आपल्याच गावाचा नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली.

म्हणून तक्रारीच्याही आधी या ऑफिसने एक छोटं पत्र पाठवलं. अमुक तारखेचं, संध्याकाळच्या अमुक वेळेपासून सकाळच्या अमुक वेळेपर्यंतचं, बाकावरच्या आणि व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, एवढंच. एक पान. ठाणेदाराला, परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि आयुक्तालयात. नुसतं "सीसीटीव्ही द्या" असं लिहिलं की काहीही कारण सांगता येतं. तारीख, वेळ आणि कोणता कॅमेरा हे लिहिलं की उत्तर द्यावं लागतं.

आता मुख्य तक्रारीबद्दल. हे ऑफिस कोणाला आवडणार नाही तेही इथेच सांगते. ज्यांना तिखटमीठ लावून पाहिजे त्यांनी येऊ नये. आमच्या वहिनीला "रात्रभर बेदम मारलं" असं लिहून पाहिजे होतं. मॅडमनी भाच्याला विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, आधी खूप वेळ नुसतं बाकावर बसवलं, मग आत नेलं, मग त्यातल्या एकाला फोन आला आणि ते थांबले. किती पट्टे? मोजले नाहीत. तेच तसं लिहिलं: "पट्ट्याने दोन्ही तळपायांवर मारले. किती वेळा ते मला मोजता आले नाही." शिवीगाळ झाली ती शब्दशः लिहिली, जातीवरून काही बोलले का हे दोनदा विचारलं, नाही म्हटल्यावर नाही लिहिलं. वहिनी नाराज झाली. मला मात्र पटलं. डॉक्टरच्या कागदावर वळ मोजलेले आहेत, कॅमेऱ्यात वेळ आहे. तक्रारीत एक शब्द जास्तीचा निघाला की समोरचा वकील तेवढाच धरून बसेल आणि खरं घडलेलंही खोटं ठरवेल.

मसुदा मराठीत होता आणि आम्हाला कळेल असा होता. सही घेण्याआधी मॅडमनी तो भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. जिथे तो अडखळला तिथे वाक्य बदललं, कारण उद्या बयान द्यायला त्यालाच बसायचं आहे.

काय चुकलं हे कायद्याच्या भाषेतही होतं, पण थोडक्यात. अटकेची गरज नसेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५व्या कलमाखाली लेखी नोटीस द्यावी लागते. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर त्यालाही लेखी आदेश लागतो, आणि बाई असेल, पंधराच्या आतलं पोरगं असेल किंवा साठीवरचा माणूस असेल तर त्याला ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. अटक केली तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. आमच्या पोराच्या बाबतीत यातलं एकही झालं नाही. यातले बरेच नियम डी. के. बसू निकालातून आले आणि मग कायद्यात गेले, असं काका म्हणाले. बसू हे पश्चिम बंगालच्या विधी सहाय्य संस्थेचे. त्यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. भाऊ हे ऐकत होता. पत्राने काय होते, असं तो घरून निघताना म्हणाला होता. ऑफिसातून निघताना तसं म्हणाला नाही.

पैशांचं वेगळं प्रकरण आहे आणि लोकांना हे माहीत पाहिजे. भावाला भीती होती की लाच देणाराही गुन्हेगार, मग आपणच अडकू. २०१८ साली कायदा बदलला आणि लाच देणं हा गुन्हा झाला हे खरं आहे. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून काकांनी पहिल्याच मिनिटाला दिवस विचारले होते. आम्ही मुदतीत होतो. पैशांचा मजकूर त्यांनी मुख्य तक्रारीतही घेतला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला वेगळा अर्जही केला. मागणी झाली आहे पण पैसे अजून दिले नाहीत, अशी वेळ असेल तर आधी याच विभागाच्या १०६४ला फोन करा, सापळा तेव्हाच लागतो, दिल्यानंतर नाही.

तक्रार कुठे कुठे गेली? पोलीस आयुक्त आणि परिमंडळाचे उपायुक्त, हे पहिलं. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठांकडे लेखी जायचं आणि तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे, ही पायरी सोडली तर कोर्ट परत पाठवते. दुसरं, पोलीस तक्रार प्राधिकरण. हे मला मुळीच माहीत नव्हतं, आणि ज्या ज्या डबेवाल्या पोरांना विचारलं त्यांनाही नव्हतं. उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले होते, त्यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल झाला की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक राज्यात वेगळं प्राधिकरण पाहिजे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ते आणलं: राज्य पातळीवर एक, निवृत्त उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, आणि विभाग पातळीवर वेगळी. वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याची तक्रार विभागाकडे, त्याच्या वरच्याची राज्याकडे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, हे सगळं त्यांच्या कक्षेत येतं. त्यांचा अहवाल सरकारने स्वीकारला की त्यावरून खातेनिहाय कारवाई सुरू होते, आणि दखलपात्र गुन्हा दिसला तर तोच अहवाल ठाण्यात खबर म्हणून नोंदवला जातो.

पण काकांनी हे सांगताना फुगवून सांगितलं नाही. प्राधिकरण स्वतः कोणाला नोकरीवरून काढत नाही, सरकार अहवाल कारणं देऊन नाकारू शकते, आणि वेळ लागतो, हे त्यांनी फी घेण्याआधी सांगितलं. मानवाधिकार आयोगाचं पण तसंच, फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. खाजगी फौजदारी तक्रारीचा रस्ता आहे, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १६१व्या कलमात सहा महिन्यांची मुदत आहे आणि पोलिसावर खटला चालवायला सरकारची मंजुरी घेतली का, हा मुद्दा समोरचे काढतातच. ही सहा महिन्यांची तारीख मॅडमनी फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र मला सगळ्यात आवडला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्या रात्रीची ठाणे दैनंदिनी, ड्यूटीवर कोण कोण होतं त्याची यादी आणि त्या महिन्यात कॅमेरे बंद असल्याची काही नोंद आहे का, एवढं मागितलं. भाच्याने ज्याला हाक मारताना ऐकलं होतं ते नाव यादीत निघालं. त्या दिवशी पोरगं पहिल्यांदा पोटभर जेवलं.

फी. पहिल्या दिवशी पाचशे घेतले, ते नंतर एकूण रकमेत धरले. सगळे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पत्रं मिळून चार हजार झाले, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी आणि टपाल वेगळं. प्रत्येक पैशाची पावती मिळाली, न मागता. आणि हे महत्त्वाचं: फी सांगण्याआधीच मॅडमनी मला सांगितलं की तक्रार बाईच्या नावाने असेल, किंवा माणूस कोठडीत असेल, अनुसूचित जाती-जमातीतला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अटही नाही, १५१०० ला फोन करून विचारता येतं. स्वतःचं गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून जो माणूस हे सांगतो, त्याला चार हजार देताना मला काही वाटलं नाही. भाऊही दर शनिवारी थोडे थोडे देतो आहे, त्यांनी घाई केली नाही.

आता एक स्टार कशाचा कापला ते. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा. ज्याच्या तळपायावर मारलं आहे त्याला तिथे चढवताना आमची काय अवस्था झाली ते आम्हालाच माहीत. अशा लोकांसाठी खाली येऊन बोलायची सोय त्यांनी ठेवलीच पाहिजे, मी तोंडावर सांगितलं आहे. दुपारी दोन्ही वकील कोर्टात असतात, तेव्हा कारकून मुलगा बसतो आणि त्याला काही विचारलं तर "सर आल्यावर" एवढंच. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, व्हॉट्सॲपवर उत्तर येतं पण रात्री. पहिल्या प्रतीत भावाचं आडनाव चुकलं होतं आणि एका ठिकाणी तारीख. अशा कामात तारीख चुकणं चालत नाही. दुरुस्ती लगेच झाली, पण ती चूक आम्ही पकडली, त्यांनी नाही.

कोर्टाच्या आवारात फिरणाऱ्या माणसांपासून सांभाळा, हेही लिहिते. आम्ही जिन्याखाली उभे असताना एकजण आला, फाइल पाहून म्हणाला, "काहून वकिलाच्या नादी लागता? माह्या ओळखीचे साहेब आहेत, पोराचा फोन परत आणून देतो, वरून सॉरी म्हणायला लावतो." पंधरा हजार मागत होता. भाऊ क्षणभर थांबला. त्याला मी हाताला धरून वर नेलं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्या माणसाचं वर्णनही तारीख घालून लिहून घेतलं.

अर्ज द्यायला मॅडम स्वतः आल्या नाहीत, आम्हालाच पाठवलं, पण पक्कं शिकवून. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, चारही गोष्टी घ्यायच्या. शिक्का देत नसतील तर वाद घालायचा नाही, टपालाने आणि ईमेलने पाठवायचं आणि पोचल्याचा कागद जोडायचा. आमच्या फाइलमध्ये आता सगळ्या प्रती ओळीने लावलेल्या आहेत, वर अनुक्रमणिका आहे. भाचा ती फाइल स्वतः सांभाळतो.

आज कुठवर आलं आहे तर, सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांनी भाच्याचं बयान घेतलं. त्याने कोणाकडे न पाहता सगळं सांगितलं, नकाशासकट. चित्रण जपून ठेवल्याचं लेखी उत्तर आलं आहे. फोन परत मिळाला, रीतसर पावतीवर. मधात एक दिवस ठाण्यातला एक शिपाई दुकानात येऊन "कशाला वाढवतो बे" असं म्हणून गेला. त्याच संध्याकाळी काकांनी पुरवणी अर्ज टाइप करून आयुक्तालयात पाठवला, दुकान मालकाच्या सहीसकट, आणि त्यानंतर कोणी आलं नाही. ज्यांनी मारलं त्यांच्यावर अजून कारवाई झालेली नाही. ती झाली पाहिजे, नुसती बदली नाही. आणि आमच्या पोराला मारलं म्हणूनच झाली पाहिजे असं नाही. त्या मागच्या खोलीत आमच्या आधीही कोणाची तरी पोरं गेली असतील, ज्यांच्या घरच्यांना हा जिना कोणी दाखवला नाही. याच कामात एका पोलीस बाईंनी आयुक्तालयात आम्हाला नीट खुर्ची देऊन अर्ज पूर्ण वाचून घेतला होता, कोणता विभाग ते स्वतः चालत येऊन दाखवलं. अशीही माणसं त्या वर्दीत आहेत, त्यांच्यासाठीसुद्धा त्या दोघांना शिक्षा व्हायला पाहिजे.

जायचं असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर जावं, तेव्हा दोघंही भेटतात. शनिवारी मॅडम सकाळपासून असतात आणि गर्दी कमी असते. सोबत दवाखान्याचे कागद मूळ आणि झेरॉक्स, आधार कार्ड, ज्या नंबरवरून ठाण्याचा फोन आला त्याचा स्क्रीनशॉट, आणि मारलेल्या जागेचे फोटो न्या, फोटोत त्या दिवसाचा पेपर धरला तर चांगलं. ज्याच्यावर बीतली तो माणूस स्वतः पाहिजे, घरचे कितीही बोलले तरी मॅडम त्याच्याच तोंडून ऐकतात. गाडी कोर्टाच्या गेटसमोर लावू नका, उचलून नेतात. आणि जिना चढता येत नसेल तर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर तसं लिहून ठेवा, माझ्या भांडणानंतर ते आता खाली यायला तयार आहेत.